कळा सुरू झाल्या, आता निघायचं कधी?



जानेवारीतल्या एका रात्री अकराच्या सुमारास माझ्या भाचीचा फोन आला. पहिलटकरीण, दिवस भरलेले, बाळंतपणासाठी माहेरी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे आलेली. आवाज घाबरलेला. "मावशी, नऊ वाजल्यापासून कळा येतायत. आई म्हणतीय, आत्ताच्या आत्ता गाडी काढा. आज्जी म्हणतीय, एवढ्या रात्री कुठं जाताय, उजाडू दे. पप्पा दोघींच्या तोंडाकडं बघत उभे आहेत. तू सांग काय करू."

बहिणीचं गाव शिरोळ तालुक्यात, दवाखाना सांगलीत. एरवी पाऊण तासाचा रस्ता. पण साखर कारखाने चालू असले की उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं सव्वा तासही लागतो. म्हणजे निघायचं की थांबायचं हा प्रश्न खराच होता.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. माझी स्वतःची दोन बाळंतपणं आणि नात्यातल्या सात-आठ जणींच्या बाळंतपणात केलेली धावपळ, एवढाच माझा अनुभव. बाकीचं विचारून आणि वाचून कळलेलं. त्या रात्री मी तिला काय सांगितलं, पुढं काय झालं आणि त्यातून माझं काय मत झालं ते आज लिहिते. मत आधीच सांगते. निघायची वेळ घरातल्या कुणाच्या भीतीनं ठरू नये, खुणांवरून ठरावी. आणि त्या खुणा नववा महिना लागायच्या आत, सगळे शांत असताना, डॉक्टरांना विचारून ठरवून ठेवाव्यात.

ज्याची त्याची भीती

आज्जी म्हणजे बहिणीच्या सासूबाई. त्यांची सहा बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातून झाली. चार मुलं जगली. त्यांच्या काळात रात्री गावातून बाहेर पडायला वाहन नव्हतं, वाटेत नदी होती, अंधार होता. "उजाडू दे" या शब्दाला तेव्हा अर्थ होता, कारण उजाडल्यावर निदान बैलगाडी तरी मिळायची. माझ्या बहिणीचं उलटं. तिचं दुसरं बाळंतपण दवाखान्यात पोचायच्या आधी जीपमध्येच झालं. तेव्हापासून कुणाच्याही पोटात दुखलं की ती आधी गाडीची चावी शोधते.

आणि मी? मला पहिल्या खेपेला दुपारी चारला पहिली कळ आली आणि पाचला मी दवाखान्यात दाखल होते. पिशवीचं तोंड जेमतेम एक बोट उघडलेलं. तरी ठेवून घेतलं. हाताला सलाइन, खायला बंदी, शेजारच्या खाटेवर एकजण ओरडत होती. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. दुसऱ्या दिवशी "कळा कमी पडतायत" म्हणून सलाइनमधून औषध सुरू झालं. सगळे मिळून सव्वीस तास. जोर करायची वेळ आली तेव्हा अंगात जोरच उरला नव्हता. पुढं कितीतरी वर्षं मी सगळ्यांना सांगायची की माझं बाळंतपण फार अवघड गेलं. आता वाटतं, पहिले बारा-चौदा तास मी घरी असायला हवी होती, खाऊन-पिऊन, आपल्या अंथरुणात.

कुणी मुद्दाम काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाही. पण पेशंट एकदा खाटेवर आला की घरच्यांना वाटतं काहीतरी व्हायला पाहिजे, आणि डॉक्टरांवरही ते दडपण येतं. आम्ही तिघी तीन अनुभवांतून बोलत होतो. बाळंतीण मात्र चौथीच होती. तिचं शरीर आमच्या तिघींपैकी कुणासारखंच वागणार नव्हतं.

सुरुवातीच्या कळांचं काम काय

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं. बाळ बाहेर येण्यासाठी पिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. पण उघडण्याआधी ते मऊ आणि पातळ व्हावं लागतं. सुरुवातीच्या कळा हेच काम करतात. दहा, पंधरा, वीस मिनिटांनी येतात, अर्धा-पाऊण मिनिट राहतात. मध्येच लांबतात, कधी दोन-चार तास थांबतातही. पहिलटकरणीचं हे काम कधी सहा तासांत होतं, कधी दीड-दोन दिवस घेतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणाच्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. त्यात पाच सेंटिमीटरनंतरच खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा धरला आहे. त्याआधीच्या टप्प्याला किती वेळ लागावा याचं ठरावीक माप नाही, बाईगणिक तो खूप वेगळा असतो, असं त्यात स्पष्ट आहे. आई आणि बाळ ठीक असतील तर त्या टप्प्यात कळा वाढवायची औषधं देऊ नयेत, असंही म्हटलं आहे. पूर्वी "तासाला एक सेंटिमीटर" असा हिशेब धरायचे. त्याचं मूळ १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉ. इमॅन्युएल फ्रीडमन यांनी केलेल्या अभ्यासात आहे. सगळ्या बायकांना तो वेग लागू पडत नाही, हे आता मान्य झालं आहे.

फार लवकर दाखल झालेल्या बायकांना कळा वाढवायची औषधं आणि सिझर जास्त होतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात सरकारी दवाखान्यांत शंभरातल्या सुमारे १४ आणि खाजगी दवाखान्यांत सुमारे ४७ बाळंतपणं सिझरनं झाली. एवढ्या फरकाला कारणं अनेक आहेत. गरज नसताना लवकर जाऊन पडणं हे त्यातलं एकमेव कारण नाही, पण आपल्या हातात असलेलं मात्र आहे.

आधी चार प्रश्न

मी भाचीला "थांब" किंवा "निघ" असं काहीच सांगितलं नाही. चार गोष्टी विचारल्या. बाळ हलतंय का? पाणी गेलंय का? लाल रक्त दिसलंय का? कळ किती मिनिटांनी येते आणि किती वेळ राहते?

बाळ छान हलत होतं. पाणी गेलं नव्हतं. थोडा चिकट, गुलाबी स्राव दिसला होता. तो पिशवीच्या तोंडाशी असलेला बुळबुळीत पडदा सुटल्याचा असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. कळा बारा-पंधरा मिनिटांनी, अर्धा मिनिट. ती माझ्याशी सरळ बोलू शकत होती. तिच्या फाइलमध्ये जोखमीचं काही नव्हतं. बीपी ठीक, रक्त ठीक, बाळाचं डोकं खाली, वार वर, दिवस पूर्ण भरलेले. मी तिला आधी डॉक्टरांना फोन करायला लावला. त्यांनीही तेच विचारलं आणि सांगितलं, "घरी आराम करा. कळा सात-आठ मिनिटांवर आल्या की निघा, तुम्हाला लांबून यायचंय."

मग मी पाचवा प्रश्न विचारला. "पाणी कधी प्यायलीस?"

"संध्याकाळी, दिवस मावळायच्या आधी. तोंडाला कोरड पडलीय मावशी, पण रात्री पाणीसुद्धा न घेण्याचा नियम आहे ना माझा."

नियम आणि तांब्याभर पाणी

मैत्रिणींनो, यावर मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण आपल्या घरांत हे हमखास होतं. आपल्यापैकी कितीतरी जणी लहानपणापासून रात्री जेवत नाहीत, काहीजणी पाणीही घेत नाहीत. कुणाची अष्टमी-चतुर्दशी असते. मीही पाळते आणि त्यातला आनंद मला ठाऊक आहे. पण कळा देणारं गर्भाशय हा एक मोठा स्नायू आहे. तो रात्रभर राबतो. पाणी आणि अन्न मिळालं नाही तर बाई थकते, तिला ओकाऱ्या येतात, चक्कर येते, आणि पुढं जोराच्या वेळी ताकद राहत नाही. जोखीम नसलेल्या बाईनं कळांच्या काळात खावं-प्यावं अशीच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आपल्या धर्मात हिंसेच्या मुळाशी प्रमाद मानला आहे, म्हणजे बेफिकिरी, असावधपणा. पोटात एक जीव आहे, तो आपल्या भरवशावर आहे आणि आपण त्याच्या आईला कोरडी ठेवतोय, यात सावधपणा कुठं आहे? माझं सांगणं इतकंच की नियम घेतानाच आजारपण आणि बाळंतपण यांची सूट ठेवून घ्या. आधीच नियम घेतला असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात माताजींकडं किंवा घरातल्या जाणत्यांकडं जाऊन बोलून घ्या. मध्यरात्री, कळा सोसताना, बिचाऱ्या पोरीवर हा निर्णय टाकू नका.

भाचीच्या घरी हा पेच आज्जींनीच सोडवला. फोनवर मला ऐकू आलं. "नियम तिनं घेतलाय, बाळानं नाही घेतलेला. पाणी द्या तिला." तिनं उकळून गार केलेलं तांब्याभर पाणी घोट घोट घेतलं. मग कोमट दूध आणि राजगिऱ्याचा लाडू.

या वेळी खायचं ते हलकं असावं. मऊ मुगाची खिचडी, वरणभात, तूप घातलेली पेज, शिरा, केळं, नारळपाणी, मीठसाखर घातलेलं लिंबूपाणी. तळलेलं, तिखट नको. "पोट साफ व्हायला, कळा वाढायला" म्हणून एरंडेल तर मुळीच देऊ नका. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि नको तेव्हा थकवा येतो. गावात कुणी कळा वाढवायचं इंजेक्शन घरी देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा, त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे. ज्यांना डॉक्टरांनी आधीच उपाशी राहायला सांगितलंय त्यांनी मात्र डॉक्टरांचंच ऐकावं. आणि दवाखान्यात गेल्यावर शेवटचं काय आणि कधी खाल्लं ते खरं खरं सांगावं. भूल द्यायची वेळ आली तर त्यांना ते माहीत असावं लागतं.

घरी थांबणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे

रात्र असेल तर झोपायचा प्रयत्न करायचा, डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. दोन कळांच्या मध्ये दहा मिनिटांची डुलकी लागली तरी ती कामाला येते. दिवस असेल तर अंगणात हळूहळू फिरावं, हलकी कामं करावीत. कोमट पाण्यानं अंघोळ केली की कंबर सैल होते. कळ आली की ओट्यावर किंवा नवऱ्याच्या खांद्यावर पुढं ओणवं व्हावं आणि कुणीतरी माकडहाडावर तळहातानं दाबून धरावं. दर दोन तासांनी लघवीला जाऊन यावं, भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते. आणि खोलीत गर्दी नको. एक माणूस पुरे, तेही न घाबरणारं.

मला दुसऱ्या खेपेला णमोकारानं फार मदत केली, आणि तीसुद्धा अगदी व्यवहारातली. आपण कायोत्सर्गात सत्तावीस श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार म्हणतो, म्हणजे एका णमोकाराला तीन श्वास. कळ चढायला लागली की तसा सावकाश सुरू करायचा. सुरुवातीच्या कळा दोन णमोकारांत उतरायच्या. पुढं तीन, मग चार. कळ लांबतेय हे मला घड्याळाआधी कळायचं. शिवाय श्वास सुटत नाही, तोंड आवळलं जात नाही, आणि "अजून किती वेळ" हा विचार डोक्यात शिरत नाही.

तरी वेळ घड्याळावरच मोजा आणि वहीत लिहा. इथं एक चूक सगळे करतात. एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत मोजतात. मोजायचं ते एक सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत. दर कळ मोजत बसायचीही गरज नाही, त्यानं जीव नुसता टांगणीला लागतो. तासाभरातून चार-पाच कळा मोजल्या तरी पुरे.

खोट्या कळा विश्रांतीनं, अंघोळीनं, पाणी प्यायल्यावर कमी होतात, त्यांना ताळतंत्र नसतो. खऱ्या कळा काहीही केलं तरी येतच राहतात, जवळ जवळ येतात, लांबतात, आणि कळ आली की बोलणं थांबतं. पहिलटकरणीसाठी साधारण हिशेब असा सांगतात: दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक एक मिनिटाची, आणि असं तासभर चाललं की निघा. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच निघायचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला काम फार भरभर होतं, तेव्हा पाच मिनिटांची वाट पाहू नका. दहा-दहा मिनिटांनी नियमित यायला लागल्या की निघालंच पाहिजे. माझ्या बहिणीची जीप आठवा.

इथं मोजत बसायचं नाही

हे मात्र कागदावर लिहून फ्रिजवर लावा. खालीलपैकी एकही गोष्ट झाली तर कळा किती मिनिटांनी येतायत हा प्रश्नच उरत नाही. रात्र असो, अमावस्या असो, पूजा अर्धी राहो, निघायचं.

- पाणमोट फुटली, कळा असोत वा नसोत. किती वाजता फुटली आणि पाण्याचा रंग काय ते पाहून ठेवा, स्वच्छ पॅड लावा. पाणी हिरवट, तपकिरी किंवा घाण वासाचं असेल तर जराही उशीर नको. बाळानं पोटातच शी केल्याची ती खूण असू शकते.
- पाळीसारखं लाल रक्त गेलं.
- बाळाची हालचाल कमी झाली किंवा थांबली. "बाळंतपण जवळ आलं की बाळ शांत होतं" हे खरं नाही. शेवटपर्यंत ते हलत राहिलं पाहिजे.
- पोट सतत दगडासारखं कडक राहिलं, दोन कळांमध्ये सैल होतच नाही.
- फार डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी किंवा चमक येतेय, छातीखाली दुखतंय, चेहरा-हात एकाएकी सुजलेत. झटके आले तर थेट १०८.
- ताप आला, थंडी वाजली.
- सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आधीच कळा सुरू झाल्या.
- पाण्याबरोबर नाळ खाली आल्यासारखं वाटलं. तिला हात लावायचा नाही. बाईला गुडघ्यांवर, छाती खाली टेकवून, कंबर वर ठेवायला लावा आणि १०८ ला फोन करा.
- जोर करावासा वाटायला लागला. आता लांबच्या दवाखान्याचा हट्ट नको, जवळात जवळ जिथं बाळंतपण होतं तिथं न्या.

आणि ज्यांचं आधी सिझर झालंय, जुळं आहे, बाळ आडवं किंवा पायाळू आहे, वार खाली आहे, बीपी, साखर किंवा रक्त कमी असण्याचा त्रास आहे, त्यांच्यासाठी घरी थांबायचं हे सगळं बोलणंच नाही. त्यांनी पहिल्या कळेलाच फोन करायचा.

त्या रात्री पुढं काय झालं

भाची दोन कळांमध्ये झोपली. दोन वाजता कळा दहा मिनिटांवर आल्या. तीन वाजून वीस मिनिटांनी पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट होतं.

आज्जी म्हणाल्या, "एवढं थांबलोय, आता दोन-तीन तासांत उजाडंलच." त्यांच्या मते एकदा थांबायचं ठरलं म्हणजे थांबायचं. पण थांबणं बरोबर होतं ते खुणा ठीक होत्या तोपर्यंतच. खूण बदलली की निर्णयही बदलला. बहिणीनं कुणाला विचारलं नाही, आणि ते अगदी योग्य केलं. फाइल, कपड्यांची पिशवी, पैसे, आधार कार्ड सगळं संध्याकाळीच गाडीत ठेवलेलं होतं. दहा मिनिटांत गाडी बाहेर पडली, दवाखान्याला वाटेतून फोन केला. साडेचारला पोचले. बाळाचे ठोके प्रत्येक कळेला उतरत होते. सहाला सिझर झालं. मुलगा, पावणेतीन किलो. बाहेर आल्या आल्या रडला.

आणि मग, जे आपल्याकडं हमखास होतं ते सुरू झालं. "अकरालाच नेली असती तर सिझर झालं नसतं." "मावशीनं थांबवलं." दोन रात्री मला झोप आली नाही. शेवटी मी डॉक्टरबाईंनाच विचारलं, माझं चुकलं का? त्या म्हणाल्या, "अकराला आला असता तर मी तपासून परत पाठवलं असतं, नाहीतर वॉर्डात झोपवलं असतं. पाणी हिरवं व्हायचं ते कुठंही झालं असतं. ते झाल्यावर तुम्ही किती वेळात आलात हे महत्त्वाचं."

माझं मन त्यानं शांत झालं, पण पुरतं नाही. कारण "कुठंही झालं असतं" हे खरं असलं तरी ते दवाखान्यापासून सव्वा तासावर झालं हेही खरंच आहे. पुन्हा अशी वेळ आली तर मी एक गोष्ट वेगळी करीन. भाचीच्या आत्याचं घर सांगलीत आहे, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. पहिल्या कळेला तिला दवाखान्यात नव्हे, पण आत्याच्या घरी न्यायला सांगीन. शक्य असेल तर अडतिसाव्या आठवड्यापासूनच. घरी थांबायचं म्हणजे स्वतःच्याच घरी थांबायचं असं थोडंच आहे? आपल्या भागात तर हे पावसाळ्यातही लक्षात ठेवायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोळकडचे रस्ते कसे बंद झाले ते आपण पाहिलंय. जुलै-ऑगस्टमधली तारीख असेल तर पाणी चढायची वाट न बघता आधीच हलावं.

निर्णय कुणाचा

आईच्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ साली तीन उशिरांची मांडणी केली. पहिला उशीर जायचं ठरवण्यातला, दुसरा पोचण्यातला, तिसरा पोचल्यावर उपचार मिळण्यातला. तिसरा आपल्या हातात नाही. दुसऱ्यासाठी आता १०८ आहे, आणि सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून नेणं-आणणं, बाळंतपण, सिझर, औषधं सगळं मोफत आहे. आशाताईंचा नंबर प्रत्येक गरोदर बाईच्या फोनमध्ये हवा. पण पहिला उशीर आपल्या माजघरात होतो. सासरे येऊ देत, जावयाला विचारू या, मुहूर्त बघू या, उजाडू दे.

म्हणून माझं म्हणणं आहे की घरात आधीच बसून ठरवा. कुठं जायचं, कोणत्या गाडीनं, गाडी नसेल तर कुणाची, सोबत कोण, पैसे कुठं, रक्त लागलं तर देणारे कोण. डॉक्टरांना विचारा, "माझ्या बाबतीत किती मिनिटांवर निघायचं?" तो आकडा घरातल्या सगळ्यांना सांगा. आणि एक गोष्ट जाहीर करून टाका: बाळंतीण स्वतः "मला ठीक वाटत नाही, चला" म्हणाली, तर तो शेवटचा शब्द. मग कुणाला विचारायचं नाही. दवाखान्यात जाऊन "अजून वेळ आहे, घरी जा" म्हणून परत यावं लागलं तर त्यात लाज कसली? दोन फेऱ्यांचं पेट्रोल जाईल, एवढंच. आणि परत आलेल्या पोरीला "उगाच घाबरली" म्हणून हसू नका. पुढच्या वेळी खरंच काही झालं तर ती बोलायची नाही.

लेकराच्या बारशाला आज्जी माझ्याजवळ बसल्या होत्या. नातवाकडं बघत म्हणाल्या, "माझी दोन गेली ती रात्रीचीच गेली गं. म्हणून रात्री बाहेर पडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो." इतकी वर्षं त्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी हट्टी आहे.

तुमच्या घरात कुणी गरोदर असेल तर या रविवारी सगळ्यांना एकत्र बसवा, आज्जींनाही. आधी त्यांचं ऐकून घ्या, मग कागद पुढं घ्या आणि खुणा लिहून काढा.

जय जिनेंद्र.